युरोपात बॉर्डरच नाही म्हणतात, मग लेकीला बेल्जियमला जायला अडचण काऊन?

फुटाळा_वॉकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढून राहिलो, चूकभूल सांभाळून घ्या. आमची लेक तीन वर्षांपासून नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करते, चिप बनवायच्या मशीनचं काहीतरी काम आहे, मी दोनदा समजून घेतलं आणि दोन्ही वेळा विसरलो. आता तिला बेल्जियमच्या लूव्हन गावातून ऑफर आली. अंतर शंभरेक किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूरहून वर्धा ओलांडून थोडं पुढे. तिच्याच टीममधला एक स्पेनचा पोरगा मागच्या महिन्यात त्याच गावात नोकरीला लागला. शुक्रवारी इकडे निरोपाचा केक कापला, सोमवारी तिकडे खुर्चीवर. आणि आमचीला म्हणतात तुझं नवीन परमिट लागेल, काही महिने लागतील, तोवर तिकडे एक दिवससुद्धा काम करू नको.

दोघांचं ऑफिस एक, दोघंही टॅक्स भरतात, शनिवारी-रविवारी दोघंही त्याच बेल्जियममध्ये वॅफल खाऊन येतात, कोणी पासपोर्ट विचारत नाही. मग शेंगेन शेंगेन म्हणतात ते काय आहे? मी दोन वर्षांपासून फुटाळा तलावावरच्या सकाळच्या ग्रुपात छाती ठोकून सांगून राहिलो की युरोप म्हणजे आता एकच देश झाला. तोंडघशी पडलो ना बाप्पा.

तर्री_पोहा
काका, सोपा उपाय सांगतो. त्या स्पेनच्या पोराले जावई करून घ्या. विषय संपला.

फुटाळा_वॉकर
@तर्री_पोहा, त्याचं लग्न झालेलं आहे, दोन पोरं आहेत. आणि हा धागा लेकीची आई पण वाचते.

शेगाव_ते_ब्रसेल्स
काका, तर्री भाऊ गमतीत बोलले पण कायद्याने ते शंभर टक्के बरोबर आहे, त्याच्यावर पुढे येतो. मी नऊ वर्षांपासून ब्रसेल्सला आहे, हे सगळं भोगून झालंय.

तुमचा गोंधळ होतोय कारण दोन वेगळ्या गोष्टी एका नावाने चालतात. शेंगेन म्हणजे फक्त सीमेवरची तपासणी काढणं. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीत नांगरलेल्या एका बोटीवर पाच देशांनी सही केली, प्रत्यक्षात नाके उठले १९९५ मध्ये. आज २९ देश आहेत त्यात. पण नाका उठला म्हणजे फाटक उघडं आहे एवढंच. आत जाऊन घर करायचा, नोकरी करायचा हक्क हा वेगळा, तो युरोपियन युनियनच्या नागरिकत्वातून येतो. १९५७ च्या रोमच्या करारात तो कामगारांसाठी होता, १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारानंतर सगळ्या नागरिकांसाठी झाला. म्हणूनच आयर्लंड युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही, आणि नॉर्वे शेंगेनमध्ये आहे पण युनियनमध्ये नाही.

तर स्पेनच्या पोराच्या खिशात जो हक्क आहे तो त्याच्या पासपोर्टाचा आहे, त्याच्या नोकरीचा नाही. तुमच्या लेकीकडे नेदरलँड्सने दिलेली परवानगी आहे, आणि नेदरलँड्स बेल्जियमच्या वतीने परवानगी देऊ शकत नाही. त्या कार्डावर ती बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरू शकते. फिरणं. काम नाही.

ऑरेंज_बर्फी
म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेला कोणीही या, पण मुक्कामाला फक्त घरचेच. कळलं.

शेगाव_ते_ब्रसेल्स
😀 हेच. आणि घरच्यांनाही अटी आहेत बरं का. युनियनचा २००४ सालचा ३८ नंबरचा डायरेक्टिव्ह, म्हणजे नियम, आहे. युनियनचा नागरिक असाल तर पहिले तीन महिने फक्त ओळखपत्र दाखवून कुठेही राहा. त्याच्यापुढे राहायचं तर नोकरी पाहिजे, नाहीतर स्वतःचा धंदा, नाहीतर पोटापुरता पैसा आणि आजारपणाचा पूर्ण विमा. नोकरी करणाऱ्याला हात लावत नाहीत, पण नुसतं बसून तिथल्या सरकारी मदतीवर भार झालात तर जा म्हणू शकतात. सलग पाच वर्षं कायदेशीर राहिलात की मग या अटीही गळून पडतात.

आता जावयाचं. युनियनचा नागरिक स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशात राहतो तेव्हा त्याच्या बायकोला, पोरांना, अवलंबून असलेल्या आईबापांना त्याच्यासोबत राहायचा हक्क मिळतो, ते कोणत्याही देशाचे असोत. म्हणजे नागपूरची बायको आणि स्पेनचा नवरा बेल्जियमला गेले तर तिला वेगळं वर्क परमिट नको. पण तेच दोघं स्पेनला परत गेले तर स्पेनचा घरचा कायदा लागतो, कारण तिथे तो नवरा परका राहिला नाही.

पुणेकर_तात्पुरता
वरच्या प्रतिसादात एक दुरुस्ती. परत गेले तर घरचा कायदाच लागतो असं सरसकट नाही. सुरिंदर सिंग हा भारतीय माणूस, बायको ब्रिटिश. दोघं जर्मनीत काही वर्षं नोकरी करून ब्रिटनला परतले. पुढे त्याला बाहेर काढायची वेळ आली तेव्हा प्रकरण युरोपियन कोर्टात गेलं आणि १९९२ मध्ये कोर्टाने सांगितलं की दुसऱ्या देशात खरोखर नोकरी करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला निदान तेवढेच हक्क मिळाले पाहिजेत जेवढे त्या दुसऱ्या देशात होते. नाहीतर कोणी बाहेर जाणारच नाही, हा त्यामागचा तर्क. त्या वाटेला आजही लोक सुरिंदर सिंग रूटच म्हणतात.

तर्री_पोहा
पुणेकर असूनही उपयोगी माहिती. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

पुणेकर_तात्पुरता
सात वर्षं झाली मनीषनगरात राहतोय. अजून किती वर्षांनी नागपूरचं नागरिकत्व मिळतं?

तर्री_पोहा
सावजीचा रस्सा पाणी न पिता संपवाल त्या दिवशी.

झिरो_माईल
मला या धाग्याचा सूरच समजला नाही. कोणाला आपल्या घरात ठेवायचं हे घरवाला ठरवणार. युरोपने आपल्या मेंबरांना सवलत दिली, आपण मेंबर नाही, एवढी साधी गोष्ट. त्यात अन्याय कसला? उद्या बांगलादेशचा माणूस म्हणेल मी नागपुरात टॅक्स भरतो मला इथून कुठेही राहायचा हक्क द्या, चालेल का? आणि त्यांच्याच्याने तरी कुठे निभतंय. ब्रिटन वैतागून बाहेर पडलं आणि २०२० संपता संपता मुक्त संचार बंद केला. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर तपासणी बसवली.

वकीलीणबाई_सिव्हिल_लाईन्स
@झिरो_माईल, घरवाला ठरवणार हे बरोबर आहे, कायदाही जवळपास तेच म्हणतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं तेरावं कलम काढून बघा. आपल्या देशात कुठेही फिरायचा, राहायचा हक्क आहे. कोणताही देश सोडायचा हक्क आहे. स्वतःच्या देशात परत यायचा हक्क आहे. दुसऱ्या देशात शिरायचा हक्क मात्र त्यात नाही. म्हणजे दारातून बाहेर पडायचा हक्क जगाने मान्य केला, पण समोरच्याने दार उघडावं असं कुठे लिहिलं नाही.

आपल्याकडे तर बाहेर पडायचा हक्कही भांडून मिळाला. १९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी. सतवंत सिंग साहनी खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय अडवता येणार नाही, म्हणून घाईघाईने पासपोर्ट कायदा आला. मग १९७७ मध्ये मेनका गांधींचा पासपोर्ट जमा करून घेतला, कारण विचारलं तर जनहितासाठी कारण सांगणार नाही असं उत्तर. १९७८ चा तो निकाल आम्ही कॉलेजात पाठ केला होता. आपल्या घटनेच्या कलम २१ खाली नुसता कायदा असून भागत नाही, त्याची पद्धतही न्याय्य पाहिजे.

झिरो_माईल
मॅडम, मीही तेच म्हणतोय.

वकीलीणबाई_सिव्हिल_लाईन्स
नाही, तुम्ही म्हणताय की प्रश्नच नाही. मी म्हणतेय की कायदा तिथे थांबतो. त्याच्यापुढे माणसाचं काय होतं हा प्रश्न उरतोच.

कामठी_लाईन
त्याच्यापुढे काय होते ते मी सांगतो. माझा मोठा भाऊ सौदीत ड्रायव्हर होता. दहावी नापास, म्हणून पासपोर्टावर ईसीआरचा शिक्का. म्हणजे आखातातले वगैरे मिळून अठरा देश आहेत, तिथे कामाले जायचं तर आधी आपल्याच सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स पाहिजे, १९८३ चा कायदा आहे त्याचा. लोक म्हणतात गरिबाले अडवतात, पण खोटं काय बोलू, त्याच्यामुळेच त्याचं कॉन्ट्रॅक्ट कागदावर आलं होतं. बारावी झालेला त्याचा दोस्त क्लिअरन्सशिवाय गेला आणि तिथे पगार अर्धाच निघाला.

पण खरी गोष्ट पुढची. २०१३ मध्ये बाबूजी गेले. फोन केला तर भाऊ म्हणे मालक गावाले गेला आहे, तो एक्झिट रीएन्ट्रीचा कागद काढल्याशिवाय मी देश सोडू शकत नाही. तिकडे कफाला पद्धत, माणूस मालकाच्या नावावर असतो. अठरा दिवसांनी आला भाऊ. तेरवी होऊन गेली होती. वकीलीणबाई म्हणतात कोणताही देश सोडायचा हक्क आहे. कागदावर असेल. आता नियम थोडे सैल झाले म्हणतात, बरं झालं, पण आईने त्याचं ताट वाढून ठेवलं होतं ते मी नाही विसरत.

ऑरेंज_बर्फी
🙏

फुटाळा_वॉकर
कामठी_लाईन भाऊ, वाचून हात थांबला. माझा प्रश्न याच्यापुढे फारच खात्यापित्या घरचा आहे.

कामठी_लाईन
नाही हो काका, असं काही नाही. विषय निघाला म्हणून लिहिलं. लेकीचं होईल काम.

जरीपटकावासी
मी सिंधी, जन्म नागपूरचा, मराठी शाळेत शिकलो. आजोबा फाळणीत आले ते सोडा, मी शेजाऱ्यांचं सांगतो. हे कुटुंब पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सिंधमधून आलं, पाकिस्तानी पासपोर्ट, इथे लाँग टर्म व्हिसावर. पाकिस्तान्यांना मिळणारा व्हिसा हा आपण समजतो तसा देशाचा नसतो, शहराचा असतो. पोलिसांत नोंद. राज्याबाहेर जायचं तर आधी परवानगी. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं इंदूरला, तर हॉल नंतर बुक केला, अर्ज आधी टाकला. काकाला युरोपातले सत्तावीस देश पाहिजेत, यांना फक्त इंदूरपर्यंत जायचं होतं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम झालं आणि पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्या घरात रात्रभर दिवा होता. नंतर कळलं की हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा चालू आहेत. सीएए म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा अर्ज भरलाय, त्यात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले पाहिजेत, हे बसतात. धाकट्या काकू २०१६ ला आल्या, त्या नाही बसत, त्यांचा जुन्या कायद्याने वेगळा अर्ज. एका स्वयंपाकघरात दोन कायदे.

गोठणगावचा_भाऊ
असंच आमच्याकडे. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडच्या पायथ्याशी गोठणगावजवळ तिबेटी लोकांचा कॅम्प आहे, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासून. शाळेत सोबत होते आमच्या, झाडीबोली आमच्याइतकीच फाडफाड बोलतात. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर घ्यायला जाता ना तुम्ही, त्यात आमच्याकडचे पण असतात. त्यांच्याकडे पासपोर्ट नसतो, आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र असतं, आणि परदेशी जायचं तर एक पिवळं पुस्तक मिळते, आयडेंटिटी सर्टिफिकेट. ते पाहून बाहेरचे विमानतळवाले डोकंच खाजवतात म्हणे.

गंमत अशी की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या मध्ये भारतात जन्मला तो जन्मानेच भारतीय, मायबाप कोणीही असो. दिल्ली हायकोर्टाने २०१० मध्ये एका तिबेटी बाईच्या केसमध्ये हेच सांगितलं. म्हणून माझा दोस्त हक्काने भारतीय आणि त्याचा १९८९ चा भाऊ नाही. दोस्ताने तरी पासपोर्ट अजून काढला नाही. काऊन विचारलं तर म्हणे, काढला तर परत जायचं तिकीट फाडल्यासारखं वाटते.

पुणेकर_तात्पुरता
शेवटचं वाक्य फार लागलं.

तर्री_पोहा
वातावरण जड झालं, म्हणून जाहीर करतो की जगात एक जागा आहे जिथे नागपूरचा माणूस व्हिसाशिवाय जन्मभर राहू शकतो. स्वालबार्ड! नॉर्वेच्या वर, उत्तर ध्रुवाच्या शेजारी. १९२० चा करार आहे. मेमध्ये ४६ डिग्रीत कूलरसमोर बसून मी पूर्ण वाचला.

शेगाव_ते_ब्रसेल्स
खरं आहे, पण पूर्ण वाचला नाही वाटतं. विमान नॉर्वेतून जातं, म्हणजे शेंगेन व्हिसा लागतोच, तोही दोन एन्ट्रीचा, परत येताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरावं लागतं. आणि तिथे स्वतःचा खर्च स्वतःला भागवता आला पाहिजे, नाहीतर गव्हर्नर परत पाठवतो. गावाबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलापासून वाचायचं साधन सोबत ठेवावं लागतं.

तर्री_पोहा
अस्वलाचं सांगू नका, ताडोबावाले आहो आम्ही. पण कूलर विकून व्हिसा फी भरायची तर परत आल्यावर काय करू?

धंतोली_डॉक्टर
एवढ्या दूर कशाला, आपल्याच घरातलं बघा. आमचे मामा सौंसरला. घरात मराठी, लग्नपत्रिका मराठी, पोळ्याच्या पाडव्याला मारबत बघायला नागपुरात. १ नोव्हेंबर १९५६ ला रेघ ओढली, नागपूर मुंबई राज्यात आलं आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत नागपूर त्यांची राजधानी होती! मामेभावाला नागपुरात मेडिकलला जायचं होतं तर ८५ टक्के राज्य कोट्यात तो बसेना, दहावी-बारावी महाराष्ट्रातली पाहिजे, डोमिसाईल पाहिजे. नाका नाही, पासपोर्ट नाही, पण काकांच्या लेकीसारखंच झालं की नाही? फाटक उघडं, आत गेल्यावर रजिस्टर वेगळं.

वकीलीणबाई_सिव्हिल_लाईन्स
डॉक्टर, उदाहरण चांगलं आहे पण तुमचा मामेभाऊ उद्या धंतोलीत घर घेऊन दवाखाना टाकू शकतो, घटनेचं कलम १९ आहे त्याच्यामागे. लेकीच्या मागे तसं काही नाही. बाकी डोमिसाईलबद्दल सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच सुनावलंय की भारतात डोमिसाईल एकच, भारताचं. आणि जानेवारी २०२५ मध्ये मेडिकलच्या पीजी जागांसाठीचं रहिवासी आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसचं मात्र चालू आहे. आणि कलम १९ ला अपवाद आहेतच, नागालँड, मिझोराम, अरुणाचल, मणिपूरला जायला आपल्याला इनर लाईन परमिट लागतं, मूळ १८७३ च्या इंग्रजी नियमातलं.

ऑरेंज_बर्फी
नेपाळला परमिट नाही आणि नागालँडला आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसले होते. आमच्या ह्यांना बायको अशी गप्प बसलेली आवडते म्हणून त्यांनी लडाखची पण माहिती काढली.

जबलपूर_रोड
नेपाळवरून आठवलं. २०१९ मध्ये आम्ही स्वतःच्या गाडीने गेलो होतो, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सुनौली. माणसांना कोणी काही विचारलं नाही, गाडीला मात्र भन्सार म्हणजे जकात भरून रोजाप्रमाणे परवाना. गाडी परदेशी, आम्ही घरचे. शंभरच्या वरच्या भारतीय नोटा तेव्हा तिथे चालत नव्हत्या, आम्ही पाचशेचं बंडल घेऊन गेलेलो, हॉटेलवाल्याने हात जोडले.

१९५० चा करार आहे त्याच्यामागे. सातवं कलम म्हणतं की एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार, फिरणं यात सारखीच वागणूक. तरी नेपाळ भारतीयांना जमीन घेऊ देत नाही, छोट्या देशाला भीती वाटणारच म्हणा. भूताननेही २०२० पासून आपल्याला माणशी रोजचे १२०० रुपये लावलेत.

झिरो_माईल
बघा, छोटा देश घाबरतो तर समजून घेता, आम्ही बोललो तर सूर समजत नाही.

जरीपटकावासी
झिरो_माईल भाऊ, घाबरणं समजते. फक्त एक सांगतो, शेजारच्या काकू मला विचारतात अर्जाचं काय झालं, तेव्हा त्यांना "घरवाला ठरवणार" असं तोंडावर सांगता येत नाही.

झिरो_माईल
तोंडावर मीही नाही सांगणार. मान्य. आमच्या आजोबांकडेही एक सिंधी कुटुंब सहा महिने होतं, १९४८ ला, आजी भाड्याचं नाव काढू द्यायची नाही. नियम पाहिजे एवढंच माझं म्हणणं, नियम लवकर लागावा हे तुमचं. दोन्ही चालेल.

शेगाव_ते_ब्रसेल्स
काका, मूळ मुद्द्यावर येतो कारण तुमचं काम राहून गेलं. लेकीला कार्ड नीट बघायला सांगा. डच लोक बहुतेक भारतीयांना स्वतःचं कुशल कामगारांचं परमिट देतात, त्याला केनिसमिग्रांट म्हणतात. ते लवकर मिळतं पण देशापुरतं. दुसरं असतं ईयू ब्लू कार्ड. ब्लू कार्डावर पहिल्या देशात बारा महिने झाले की दुसऱ्या देशात जायची सोपी वाट आहे, तिकडे पोचून महिन्याच्या आत अर्ज करायचा. ते नसेल तर बेल्जियमच्या कंपनीला सिंगल परमिटसाठी अर्ज टाकावा लागेल, काम आणि राहणं एकाच कागदावर. नोकरी सोडायची ती परमिट हातात आल्यावर, ऑफर लेटरवर नाही. माझ्या ओळखीच्या एकाने उलटं केलं आणि दोन महिने अकोल्याला बसून काढले.

आणि तिची तीन वर्षं झाली आहेत. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ईयूच्या दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मागता येतो, नेदरलँड्समध्ये कायम राहायचा साधा पीआर नाही, तो वेगळा. त्यावर दुसऱ्या देशात जाऊन राहायचा अर्ज करता येतो. स्पेनच्या पोराइतकं सोपं नाही, पण बरंच जवळ. ब्लू कार्डवाल्यांना वेगवेगळ्या देशांतली वर्षं जोडता येतात, बाकीच्यांची देश बदलला की बहुतेक नव्याने सुरू. म्हणजे दोन वर्षं थांबायचं की आत्ता जायचं हा हिशोब तिने करावा. बापाने करू नये.

फुटाळा_वॉकर
शेगावकर, फार उपकार. रात्री बोललो तिच्याशी. केनिसमिग्रांटच निघालं. ती म्हणाली बाबा मला हे सगळं माहीत होतं, मी फक्त तुमच्याजवळ चिडचिड केली, तुम्ही धागा काढाल असं वाटलं नव्हतं. आता त्या कंपनीशी बोलून जानेवारीची जॉइनिंग मागून राहिली. डच पासपोर्टचं विचारलं तर म्हणाली तो घेतला तर भारताचा सोडावा लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळेल पण मग मतदान नाही आणि काटोलची शेती विकत घेता येत नाही. संत्र्याची बाग वारशाने चालते म्हणतात, पण त्यासाठी मला आधी मरावं लागेल, म्हणून तो विषय तिथेच थांबवला.

फुटाळ्यावर अजून कबूल केलं नाही.

तर्री_पोहा
काका मी येतो उद्या सकाळी फुटाळ्यावर. कबुली ऐकायले. पोहे तुमच्याकडून.

नवीन_मेंबर_हिंगणा
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. दिवाळीत काठमांडूला विमानाने जायचं आहे, मी, मिसेस आणि सासूबाई. वोटर कार्ड कोणाचंच सापडत नाही, पासपोर्ट काढले नाहीत. आधार चालतं का?

जबलपूर_रोड
सासूबाईंचं वय?

नवीन_मेंबर_हिंगणा
६८.

जबलपूर_रोड
६५ च्या वर आणि १५ च्या खाली आधार चालतं. मधल्यांना पासपोर्ट किंवा वोटर कार्डच पाहिजे. म्हणजे त्या जाऊ शकतात, तुम्ही दोघं नाही.

नवीन_मेंबर_हिंगणा
एक तिकीट बुक करतो.